राजेंद्र नगरची आठ वर्षांची इलेक्ट्रिक गाडी: नवी बॅटरी घ्यायची की जुनीच सुधारायची?

गाडी 2017 ची, छोटी, चार दारांची. त्या वर्षी भारतात विकत मिळणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्या एका हाताच्या बोटांवर मोजता येत होत्या, त्यांतलीच एक. तिचं उत्पादन केव्हाच बंद झालंय. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची, म्हणजे एलएफपी; 48 व्होल्टच्या वर्गातली, साधारण 10 किलोवॅट-तासांची, म्हणजे विजेची दहा युनिटं मावतील एवढी. मोटर 19 किलोवॅटची. मालकीण माझी आत्या, वय 67, मुक्काम राजेंद्र नगर, इंदूर. गाडी तीच चालवते. आतोबा पीथमपूरच्या एका कारखान्यातून मेन्टेनन्समधून निवृत्त झालेले. ते शेजारी बसून मीटर बघतात आणि वहीत आकडे लिहितात. या लेखातले बरेचसे आकडे त्या वहीतले आहेत.

तक्रार साधी होती. नवी असताना हिवाळ्यात ही गाडी एका चार्जमध्ये 85 किलोमीटर जायची. 2025 च्या उन्हाळ्यात ती 30-32 वर आली. राजवाडा, अन्नपूर्णा, भाजीबाजार एवढ्यापुरतं हे चालून गेलं असतं. पण आत्याची लेक महूला राहते, आणि जाऊन-येऊन ते चाळीसेक किलोमीटर होतात. म्हणजे आठवड्यातली जी फेरी तिला सगळ्यांत महत्त्वाची, नेमकी तीच बंद पडली. त्यात आणखी एक विचित्र लक्षण: मीटर 45 टक्के दाखवत असताना गाडी पुलावर चढायला लागली की काटा एकदम 15 वर यायचा आणि जोर निघून जायचा. पूल उतरून सपाटीला आली की पुन्हा 30-35.

सर्व्हिस सेंटरने पुढचा-मागचा विचार न करता उत्तर दिलं: पॅक बदला. 2,90,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3,42,200. माल शिल्लक नाही, पैसे आगाऊ, कधी येईल ते सांगता येणार नाही. गाडी आहे तशी विकली तर जुन्या गाड्यांचा व्यापारी 70,000 द्यायला तयार होता. आत्या म्हणाली, "सत्तर हजाराच्या गाडीत साडेतीन लाखांची बॅटरी? तूच सांग, हे कुठल्या गणितात बसतं?"

जीएसटीचं एक इथेच सांगून टाकतो, कारण पुष्कळांना ते ठाऊक नसतं. अख्खी इलेक्ट्रिक गाडी, बॅटरीसकट, घेतली तर कर 5 टक्के. तीच लिथियम बॅटरी सुटी घेतली तर 18. नवी गाडी घेणाऱ्याला सरकार हात देतं. जुनी गाडी टिकवणाऱ्याला मात्र नाही. पर्यावरणाच्या नावाने चाललेल्या धोरणात हे मला उफराटं वाटतं.

दुसरा गोंधळ जागतिक भावांचा. ऊर्जाबाजाराचा अभ्यास करणाऱ्या ब्लूमबर्ग-एनईएफ या संस्थेच्या पाहणीत 2024 साली लिथियम पॅकचा सरासरी भाव किलोवॅट-तासाला 115 डॉलर होता. आतोबांनी लगेच वहीत मांडलं: 10 गुणिले 115, म्हणजे जेमतेम लाख रुपये. मग कंपनी तिप्पट का मागते? कारण तो भाव हजारो पॅक एकदम उचलणाऱ्या कारखान्यांचा आहे. बंद झालेल्या मॉडेलचा एकच पॅक बनवणं किंवा साठवून ठेवणं, धोकादायक माल म्हणून त्याची वाहतूक, त्यावरची हमी, विक्रेत्याचा नफा हे सगळं त्या एका नगावर पडतं. भाव खटकला तरी त्यात लबाडी नव्हती.

आधी मोजमाप

माझा आग्रह एकच होता: बॅटरी किती आणि कुठे खराब झालीय हे कळल्याशिवाय कुठल्याही पर्यायाचा भाव विचारायचा नाही. कारण पुलावरचं ते लक्षण सगळी बॅटरी सारखी म्हातारी झाल्याचं नव्हतं. बॅटरी एकसारखी थकली, तर काटा नेहमीपेक्षा भरभर पण सरळ उतरतो. जोर लावताच काटा कोसळतो आणि जोर काढताच सावरतो, तेव्हा बॅटरी ज्या लहान लहान सेलच्या माळेने बनते त्यांतले काही सेल बाकीच्यांहून कितीतरी दुबळे झालेले असतात. जास्त प्रवाह ओढला की त्यांचा व्होल्टेज खचतो, बीएमएस, म्हणजे बॅटरीवर देखरेख करणारं सर्किट, घाबरून गाडीचा जोर कमी करतं.

या गाडीच्या पॅकमध्ये सेलचे 16 गट एकापुढे एक जोडलेले आहेत. एलएफपी सेलचा व्होल्टेज साधारण 3.2, म्हणून 16 गटांचे 51.2 व्होल्ट. अशा माळेतून एकच प्रवाह सगळ्यांतून वाहतो. त्यामुळे पंगतीतला एक उठला की सगळी पंगत उठते, तसा सर्वांत दुबळा गट रिकामा झाला की बाकीच्या पंधरांत कितीही उरलेलं असो, गाडी थांबते.

पॅक उघडण्याआधी दोन स्वस्त गोष्टी बघायच्या होत्या. पहिली, 12 व्होल्टची लहान बॅटरी. इलेक्ट्रिक गाडीतही दिवे, कॉम्प्युटर, रिले यांच्यासाठी ती असते, आणि ती खचली की पडद्यावर इतके चित्रविचित्र इशारे येतात की माणूस मोठ्या बॅटरीलाच दोष देतो. इथे ती ठीक निघाली.

दुसरी गोष्ट चार्जिंगची सवय. आतोबांनी कुठेतरी वाचलं होतं की लिथियम बॅटरी 80 टक्क्यांच्या वर भरू नये. शिस्तीचे माणूस, गेली काही वर्षं त्यांनी बरोब्बर 80 ला प्लग काढला होता. निकेल-कोबाल्ट जातीच्या बॅटरीला हा सल्ला चांगला आहे. एलएफपीचं मात्र वेगळं आहे. तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे किती भरली, किती उरली हे बीएमएसला पूर्ण चार्जच्या टोकालाच नीट समजतं, आणि गटांची बरोबरी करण्याचं कामही ते टोकालाच करतं. टेस्लासुद्धा आपल्या एलएफपी गाड्या आठवड्यातून एकदा 100 टक्के भरायला सांगते, त्याचं कारण हेच. इथे टोकापर्यंत कधी जाणंच झालं नव्हतं, म्हणून गटागटांतला फरक वर्षानुवर्षं साचत गेला.

बरोबरीचं हे काम फार धिमं असतं. भरलेल्या गटांतला थोडा प्रवाह रोधातून जाळून टाकायचा, अशी पद्धत. तो प्रवाह 100 मिलिअँपियर धरला तर 10 अँपियर-तासांचा (सेलमध्ये किती मावतं, त्याचं हे माप) फरक मिटवायला 100 तास लागतात. म्हणून गाडी रोज रात्री पूर्ण भरून सकाळपर्यंत प्लगलाच ठेवायची, असं दोन-तीन आठवडे चाललं. मे महिन्यात भरदुपारी हे केलं नसतं. इंदूरच्या दुपारी चाळिशी ओलांडतात, पण माळव्यातल्या रात्री बऱ्याच निवतात, त्याचा फायदा घेतला. खर्च शून्य. गाडी 32 वरून 40 किलोमीटरवर आली.

आठ किलोमीटर फुकट मिळाले म्हणून घरात आनंद झाला. पण महूची फेरी 40 ची आणि गाडीची मजलही 40 ची, म्हणजे पावसात वाट अडली किंवा राऊच्या चौकात तास गेला तर रस्त्यात उभं राहायची वेळ. पॅक उघडणं भागच होतं.

इथे एक गमतीशीर विसंगती आहे. घरापासून तासाच्या आत पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे, गाड्यांच्या चाचणीचं राष्ट्रीय केंद्र, 11.3 किलोमीटर लांबीची वेगाची धावपट्टी असलेलं. आणि एका खासगी माणसाला आपल्या जुन्या बॅटरीची क्षमता मोजून हवी असेल, तर शहरभर विचारत फिरावं लागतं. शेवटी ई-रिक्षा आणि सोलरचे पॅक दुरुस्त करणारा एक तरुण तंत्रज्ञ सापडला, ज्याच्याकडे प्रत्येक गट वेगळा भरून-रिकामा करून मोजायचं यंत्र होतं. माणूस निवडताना मी एवढंच बघितलं: भाव सांगायच्या आधी त्याने मोजायची गोष्ट काढली का? याने काढली.

हे काम घरी करून बघण्याचं नाही. 48 व्होल्टचा धक्का सहसा जिवावर बेतत नाही, पण पाना चुकून दोन टोकांवर पडला तर हजारो अँपियर वाहतात, धातू वितळून उडतो. आणि आजच्या बहुतेक गाड्यांचे पॅक तर तीनशे व्होल्ट आणि त्याहून वरचे असतात. त्यांना प्रशिक्षणाशिवाय हात लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

मोजमापाचं चित्र असं आलं. नवा असताना प्रत्येक गट 200 अँपियर-तासांचा. आता 13 गट 140 ते 150 च्या दरम्यान, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर टक्के. आठ वर्षं आणि 52,000 किलोमीटरनंतर ही प्रकृती उत्तम म्हणायला हवी. उरलेले तीन गट मात्र 108, 101 आणि 96. तिघेही पॅकच्या मध्यभागी, जिथली उष्णता बाहेर पडायला वाट नाही. सेलच्या आतल्या नको असलेल्या रासायनिक क्रियांचा वेग दर 10 अंशांना साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. गाडी उघड्यावर, अंगणात उभी राहायची. आठ उन्हाळ्यांचा हिशेब मधल्यांनी चुकता केला.

आता 96 गुणिले 51.2 करा. 4.9 किलोवॅट-तास येतात. आत्याच्या गाडीला किलोमीटरमागे 0.12 लागतात, म्हणजे 40 किलोमीटर. वहीतल्या आकड्याशी अगदी जुळलं. आणि ते तीन गट 140 च्या पातळीवर आणले तर 7.2 किलोवॅट-तास, साठेक किलोमीटर. 3,42,200 रुपयांचा प्रश्न सोळांपैकी तीन गटांवर येऊन ठेपला होता.

बाजारात काय काय मिळालं

सगळ्यांत स्वस्त सल्ला गॅरेजवाल्याचा: "भिया, चार लेड-अ‍ॅसिड डाल दो, दौड़ेगी." ई-रिक्षा त्याच बॅटऱ्यांवर दिवसभर पळते हे खरं, पण ती 25 च्या वेगाने पळते. 19 किलोवॅटची मोटर पूर्ण जोर लावते तेव्हा 51 व्होल्टवर पावणेचारशे अँपियर ओढते. लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून इतका प्रवाह घेतला तर तिची कागदावरची अर्धी क्षमताही हाती लागत नाही. 2001 मध्ये बंगळुरात आलेली रेवा सहा-सहा व्होल्टच्या आठ लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांवर चालायची, तेव्हा दुसरं काही परवडतच नव्हतं. आज तिकडे परत जाण्यात अर्थ नाही. चार्जरसुद्धा बदलावा लागला असता.

दुसरा प्रस्ताव दिसायला फार देखणा होता आणि म्हणूनच त्यावर जास्त लिहितो. सांवेर रोडकडचा एक जण सोलरसाठी पॅक बांधतो. त्याने 280 अँपियर-तासांचे 16 नवे कोरे एलएफपी सेल, नवा बीएमएस, सगळं बसवून 1,65,000 सांगितले. 14.3 किलोवॅट-तास! मूळ बॅटरीहून जास्त, कंपनीच्या भावाच्या निम्म्यात. हे सेल प्रत्येकी साडेपाच किलोच्या आत, म्हणजे वजनही आटोक्यात. आतोबा जवळजवळ तयार झाले होते.

पण त्या सेलचं माहितीपत्रक वाचलं की कळतं, ते घरातली वीज साठवण्यासाठी बनवलेले आहेत. दोन तासांत सावकाश रिकामे होणं हा त्यांचा स्वभाव. जास्तीत जास्त एका तासात, म्हणजे 280 अँपियर. आपल्याला पुलावर पावणेचारशे लागतात. त्याने देऊ केलेला बीएमएस तर 200 अँपियरचा होता. अशा पॅकवर गाडी सपाटीला छान चालते, आणि नेमकी पुलावर, मागे बस असताना, बीएमएस प्रवाह तोडतो. शिवाय हे सेल भरताना फुगतात, त्यांना दोन्ही बाजूंनी पाट्यांनी दाबून धरावं लागतं. घरात भिंतीवर टांगलेल्या पेटीत ते जमतं, हादरे खाणाऱ्या गाडीत त्यासाठी वेगळी बांधणी लागते. त्याच्याकडे ती नव्हती. बिल मागितल्यावर त्याने "बॅटरी दुरुस्ती" असं लिहून देतो म्हटलं, तिथेच मी विषय मिटवला.

तिसरा पर्याय पुण्याचा. गाडीसाठीच बनवलेले सेल, पूर्ण नवा पॅक, तीन वर्षांची लेखी हमी, करासकट 2,30,000. माणसं जाणकार वाटली. अडचण संवादाची होती: या गाडीचा कंट्रोलर, चार्जर आणि बीएमएस कॅन नावाच्या जोडणीवरून सतत एकमेकांना निरोप देत असतात. नव्या बीएमएसने तेच निरोप त्याच भाषेत दिले नाहीत तर चार्जर सुरूच होत नाही. ते निरोप उलगडून देतो, पण त्यासाठी गाडी पुण्याला पाठवा, असं त्यांचं म्हणणं. इंदूर-पुणे वाहनवाहू ट्रकचं भाडं वेगळं.

चौथा, दिल्लीकडून त्याच मॉडेलच्या मोडीत निघालेल्या गाडीचा आख्खा पॅक, 90,000. चाचणीचा कागद नाही. न वापरता पडून राहिलेली बॅटरीही वयाने झिजते, विशेषतः पूर्ण भरलेल्या अवस्थेत गरम जागी पडली असेल तर. त्यामुळे "फक्त वीस हजार चाललेली गाडी होती" या वाक्याला बॅटरीच्या बाबतीत फारसं मोल नाही.

दुरुस्त केलेले जुने पॅक हमीसह मिळणं अशक्य आहे असं मात्र नाही. निस्सानने 2018 मध्ये जपानमधल्या नामिए इथे लीफ गाडीचे जुने पॅक उघडून, चांगले मॉड्यूल वेगळे काढून, पुन्हा जुळवून 3 लाख येनला विकायला सुरुवात केली. तिथे कारखानाच ते काम करतो. आपल्याकडे ज्या गाड्यांची संख्या मुळातच थोडी, त्यांच्यासाठी कोणी अशी सोय उभारलेली नाही, म्हणून हे काम शहरातल्या एखाद्या हुशार मुलाच्या हातात येऊन पडतं.

आणि पाचवा पर्याय, गाडीच बदलणे. दोन-तीन वर्षं वापरलेली टियागो ईव्ही साडेपाच-सहा लाखांना सांगत होते. एमजीने 2024 पासून बॅटरीचे पैसे किलोमीटरमागे भरायची योजना आणली आहे. त्यांच्या कॉमेट या छोट्या गाडीसाठी सुरुवातीला ती 4.99 लाख अधिक किलोमीटरला अडीच रुपये अशी जाहीर झाली होती. पण या योजनेत महिन्याला ठराविक किमान किलोमीटरचं भाडं द्यावंच लागतं. महिन्याला पाचशे किलोमीटर जाणाऱ्या आत्यासाठी ती नव्हतीच.

हिशेब कशाचा करायचा

घरात तीन दिवस वाद झाला. आतोबांचं म्हणणं, एकदाच काय ते खर्च करून नवा पॅक टाकू, आठ वर्षं बघायला नको. आत्याचं म्हणणं, "आठ वर्षांनी मी पंचाहत्तरची. तेव्हा मी गाडी चालवणार आहे का? मला महूला जायचंय, तेही अजून तीन-चार वर्षं."

मला वाटतं, सगळ्या चर्चेतलं सर्वांत उपयोगाचं वाक्य तेच होतं. बॅटरीचा भाव सगळेच किलोवॅट-तासावर काढतात, कारण विकणारे तसाच सांगतात. घेणाऱ्याने तो उरलेल्या किलोमीटरवर काढायला हवा, आणि ते किलोमीटर बॅटरी किती टिकेल यावर ठरत नाहीत. बॅटरी, गाडी आणि चालवणारा यांतलं जे सगळ्यांत आधी थांबेल त्यावर ठरतात.

गाडी वर्षाला सहा हजार किलोमीटर जाते. कंपनीचा पॅक आठ वर्षं पुरला तर 48,000 किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला 7 रुपये. वर विजेचा रुपयाभर. पेट्रोल शंभरीपार असताना शहरात 15 ची सरासरी देणाऱ्या गाडीचं नुसतं इंधनच 7 रुपये होतं, म्हणजे कागदावर हा पर्याय मुळीच वेडेपणाचा नाही. पण त्या गाडीचा मोटर कंट्रोलर मिळत नाही. एसीचा कॉम्प्रेसर मिळत नाही. पुढच्या सस्पेन्शनचा एक भाग मागच्या वर्षी खराद्याकडून घडवून घ्यावा लागला. यांतलं काहीही चार वर्षांत गेलं की पॅक शाबूत आणि गाडी भंगारात, मग किलोमीटर पडतो 14 रुपयांना. पुण्याचा पॅक सहा वर्षं धरला तर 6 रुपये 40 पैसे, चारच वर्षं धरला तर साडेनऊ.

उरला मोजमाप करणाऱ्या तंत्रज्ञाचा पर्याय, फक्त दुबळे तीन गट बदलायचे: 54,000, त्यात चाचणी, सेल, वाहतूक, मजुरी, कर सगळं आलं. तीन वर्षं चाललं तर 18,000 किलोमीटर, म्हणजे 3 रुपये. दोनच वर्षं चाललं तरी साडेचार. आणि उद्या गाडीतलं दुसरं काही मोडलं तर पाण्यात जाणारी रक्कम 54,000, साडेतीन लाख नव्हे. मी याच बाजूचा होतो आणि ते लपवत नाही.

ज्याची गाडी अजून बनते, सुटे भाग मिळतात, वर्षाला पंधरा हजार किलोमीटर होतात, त्याला मी हाच सल्ला देणार नाही. त्याने नवा पॅकच घ्यावा.

प्रत्यक्ष काम

तंत्रज्ञाने दिल्लीहून त्याच मॉडेलच्या अपघातग्रस्त गाडीचे सेल मागवले, जास्तीचे मागवले, आणि मोजून 150 ते 155 अँपियर-तासांचे तेवढे वेचले. नवेच सेल का नाही घातले, असं आतोबांनी विचारलं. त्या मापाचे, तशाच टोकांचे नवे सेल आता मिळत नाहीत, हे एक. आणि मिळाले असते तरी माळेत 140 च्या शेजारी 200 चा सेल घातला तर बिघडत काही नाही, फक्त त्याची वरची 60 कधीच वापरली जात नाही. पैसे उगाच अडकतात. मूळ बीएमएस तसाच ठेवता आला, म्हणून कॅनच्या निरोपांचा प्रश्नच आला नाही. जोडणीच्या पट्ट्या घासून स्वच्छ करून ठरलेल्या दाबाने आवळल्या. दोन ठिकाणी काळपटपणा होता, तिथेही थोडा व्होल्टेज वाया जात होता.

कागदपत्रांचं आधी बघून घेतलं होतं. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. इथे व्होल्टेज तोच, जात तीच, क्षमता मूळच्या आतच, सेलही त्याच मॉडेलचे. म्हणजे ही दुरुस्ती. सांवेर रोडचा 14.3 चा पॅक बसवला असता तर हे म्हणता आलं नसतं, आणि आग लागली असती तर विमा कंपनीने पहिल्यांदा तेच काढलं असतं. विमा कंपनीला दुरुस्तीचं बिल जोडून लेखी कळवलं.

काढलेल्या तीन गटांचं काय करायचं? इंदूरच्या कचरागाडीला घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो आणि शहराला त्याचा रास्त अभिमान आहे, पण गाडीचे लिथियम सेल त्यात टाकायचे नसतात. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते वेगळे ठेवून संकलन किंवा पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यायचे. पैसे किती मिळतील ही आशा ठेवू नये. एलएफपीत कोबाल्ट आणि निकेल नसतं, म्हणून तिच्या भंगाराला निकेल जातीसारखा भाव येत नाही. तंत्रज्ञाने ते आपल्या मालाबरोबर पुनर्चक्रणाला दिले आणि पावती आणून दिली.

अंगणात पत्र्याची शेड घातली, ती या सगळ्यातली मला सर्वांत शहाणपणाची गुंतवणूक वाटते. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या उन्हात सुरुवातीच्या निस्सान लीफ गाड्यांची क्षमता इतर ठिकाणांहून भराभर घसरली होती आणि 2012 मध्ये तिथल्या मालकांनी त्यावरून बराच गदारोळ केला होता. त्या बॅटरीला पाण्याचं शीतकरण नव्हतं, हिलाही नाही. चार्जिंग आता रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटे संपतं, आठवड्यातून एकदा पूर्ण, एरवी गरजेपुरतं.

गाडी आता 58 ते 60 किलोमीटर जाते. महूची फेरी करून आल्यावर मीटर तिशीच्या आसपास असतो. पुलावर काटा हलतो, कोसळत नाही. दुरुस्तीवर हमी एका वर्षाची, आणि ती फक्त बदललेल्या तीन गटांवर. बाकीच्या तेरांची जबाबदारी कोणीच घेतलेली नाही, आणि घेणारही नाही. शेवटच्या तपासणीत त्या तेरांतला एक 136 वर आलेला दिसला.

नव्या गाड्या असलेल्यांनी यातून आकडे उचलू नयेत, क्रम उचलावा. नेक्सॉन ईव्ही जानेवारी 2020 मध्ये आली ती 30.2 किलोवॅट-तासांची बॅटरी आणि तिच्यावर 8 वर्षं किंवा 1.6 लाख किलोमीटरची हमी घेऊन. म्हणजे पहिल्या गाड्यांची मुदत 2028 मध्ये संपायला लागेल. हमी असेपर्यंत पॅक बाहेरच्या कोणाला उघडू द्यायचा नाही, आणि मुदत संपायच्या वर्षभर आधी अधिकृत केंद्रातून क्षमतेचा लेखी अहवाल घ्यायचा. घसरण हमीच्या मर्यादेखाली गेली असेल तर पॅक कंपनीच्या खर्चाने बदलून मिळण्याची संधी तेवढीच असते. जुनी गाडी घेणाऱ्याने हमी दुसऱ्या मालकाच्या नावावर चालते का, कोणत्या अटींवर, हे कागदावर बघावं.

आतोबांच्या वहीत आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पूर्ण चार्जवर किती किलोमीटर गेली ते लिहिलं जातं. दोघांचं आधीच ठरलंय: हिवाळ्यात हा आकडा 48 च्या खाली गेला तर आणखी एक गट बदलायचा नाही, आणखी एक रुपयाही घालायचा नाही, गाडी मिळेल त्या भावाला द्यायची आणि टियागोसारखी एखादी वापरलेली घ्यायची. तोपर्यंत वाचलेले पैसे त्यासाठी खात्यात पडून आहेत. आतोबांना अजूनही वाटतं की नवा पॅकच घ्यायला हवा होता.